मुलांच्या थ्रिलरवर '१५' लिहिलंय, ते खोडू नका

पोस्ट लांबलचक आहे, तेव्हा शुक्रवारी सकाळी चहा घेऊन निवांत वाचा. गेले दहा दिवस आपल्या ग्रुपवर जे चाललंय त्यावर लिहिते आहे, आणि गुळमुळीत लिहिणार नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी प्रकरण सांगते. इथे मस्कतमध्ये आपल्यातल्या काहींची मुलं केंब्रिज बोर्डाच्या एएस लेव्हलला मीडिया स्टडीज करतायत. त्यात एका नव्या सिनेमाची सुरुवात करून द्यावी लागते, नामावलीसकट, जास्तीत जास्त २ मिनिटांची. माझी मुलगी आणि तिच्या वर्गातली तीन मुलं, अशा चौघांनी थ्रिलर घेतला. गोष्ट अशी: अल खुवैरच्या एका फ्लॅटमध्ये राहणारी मुलगी, परीक्षेच्या आदली रात्र. तिच्या फोनवर एक फोटो येतो. तिचाच. मग दुसरा. मग मेसेज, की सांगतो ते कर, नाहीतर सगळ्या वर्गाला पाठवतो. आपल्याला फोटो दिसत नाहीत, फक्त तिचा चेहरा आणि त्यावर पडलेला फोनचा उजेड दिसतो. बाहेरून आई हाक मारतेय, 'जेवायला चल गं, गार होतंय.' मुलगी बाथरूममध्ये जाते, आतून कडी लावते. नळ सुरू झाल्याचा आवाज. सिनेमाचं नाव येतं. संपलं.

या २ मिनिटांवर मुलांनी '१५' असं लिहिलं. ब्रिटिश पद्धतीनं १५, आणि भारतात लागला असता तर यूए १६+. का, तेही एक पानभर लिहिलं. आणि इथून आपल्या काही पालकांचा धीर सुटला. 'पीजी करून टाका ना.' 'मंडळाच्या कार्यक्रमात दाखवायचंय, तिथे लहान मुलं असतात.' 'उद्या युनिव्हर्सिटीच्या फॉर्मला लिंक जोडणार, कुणी बघितलं तर?' एका वहिनींनी तर पर्यायी कथाच दिली: फोटोऐवजी पेपर फुटल्याचं दाखवा, थ्रिलरचा थ्रिलर आणि संदेशही जाईल. एका दादांनी सरळ विचारलं, 'मुलींना हाच विषय सापडला का?' (गटात दोन मुलगे आहेत, दादा. आणि विषय त्यातल्या एकानं सुचवला.)

मी सीए आहे. रुवीच्या ऑफिसात बसून लोकांचे हिशेब तपासण्यात माझी वीस वर्षं गेली. दरवर्षी मार्चमध्ये कुणीतरी क्लाएंट येतो आणि म्हणतो, 'मॅडम, बाकी सगळं ठीक आहे, फक्त तेवढी एक टीप ताळेबंदातून काढा. बँकेला दाखवायचंय.' टीप काय असते? अमुक एक दावा कोर्टात चालू आहे, तमुक उधारी दोन वर्षं वसूल झालेली नाही. टीप काढल्यानं उधारी वसूल होत नाही. ती फक्त बँकेला दिसत नाही. तुम्ही मुलांना 'पीजी लिहा' म्हणताय ना, तेव्हा मला तोच क्लाएंट दिसतो. सिनेमा आहे तसाच ठेवून वरची पाटी बदला, असं म्हणणाऱ्यांनी निदान कथा बदला म्हणणाऱ्या वहिनींइतका तरी प्रामाणिकपणा दाखवावा.

आता ही पाटी म्हणजे नेमकं काय, ते बघू. ग्रुपवर 'ए सर्टिफिकेट', 'अ‍ॅडल्ट', 'सेन्सॉर' हे सगळे शब्द एकाच पातेल्यात ढवळले गेलेत.

भारतात १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली बरीच वर्षं दोनच खाने होते, यू आणि ए. म्हणजे एक तर आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी बघायचं, नाहीतर अठराच्या पुढच्यांनीच. मधलं काही नाही. १९८३ साली यूए आलं, म्हणजे १२ वर्षांखालच्या मुलांना दाखवायचं तर पालकांनी बघून ठरवा. त्याच वर्षी बोर्डाच्या नावातला 'सेन्सॉर' शब्द जाऊन 'सर्टिफिकेशन' आलं. आपण मात्र चाळीस वर्षांनंतरही सेन्सॉर बोर्डच म्हणतो. २०२३च्या दुरुस्तीनं यूएचे तीन भाग केले: ७+, १३+, १६+. ओटीटीवर ही विभागणी २०२१च्या आयटी नियमांपासूनच आहे, तुमच्या टीव्हीवर वरच्या कोपऱ्यात येऊन जाते ती. तर लक्षात घ्या, यूए १६+ ही बंदी नाही. तो पालकांना दिलेला सल्ला आहे. कायद्यानं दार अडवलं जातं ते फक्त ए ला.

ब्रिटनमध्ये १५ म्हणजे मात्र थिएटरच्या दारात थांबवतात. आईवडील बरोबर असले तरी चौदा वर्षांच्या मुलाला आत सोडत नाहीत. तिथलं बीबीएफसी १९१२ पासून हे काम करतंय आणि प्रत्येक सिनेमाबरोबर एक ओळ देतं: धमकी, हिंसा, भाषा, आत्महत्येचा उल्लेख, जे असेल ते. मला विचाराल तर नुसत्या आकड्यापेक्षा ती ओळ जास्त कामाची. आकडा तुम्हाला 'नको' सांगतो, ओळ सांगते 'का नको', आणि तुमच्या मुलाला काय झेपतं आणि काय नाही ते तुम्हालाच माहीत असतं. कुणाचं पोर भुताला घाबरत नाही पण कुत्रा मेला की दोन दिवस जेवत नाही.

आमच्या मुलांनी हे दोन्ही लिहिलंय. आकडा आणि ओळ. ओळ अशी: 'सतत जाणवणारी धमकी, ऑनलाइन ब्लॅकमेल, स्वतःला इजा करण्याची सूचना.' सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी. आपल्यापैकी किती जणांनी स्वतःच्या घरात चालणाऱ्या मालिकेबद्दल अशी एक ओळ कधी लिहिली असती?

आणि हे त्यांना कुणी मार्क मिळवण्यापुरतं सांगितलेलं नाही. अभ्यासक्रमात नंतर एक आत्मपरीक्षण लिहावं लागतं. त्यातला एक प्रश्न असा असतो की तुमची कलाकृती प्रेक्षकाला कशी गुंतवते आणि खरी असती तर तिचं वितरण कसं झालं असतं. प्रेक्षक कोण, हे ठरवल्याशिवाय याचं उत्तर देताच येत नाही. म्हणजे तुम्ही जी पाटी बदलायला सांगताय ती त्यांच्या उत्तराचा कणा आहे. वर पीजी लिहून खाली 'स्वतःला इजा करण्याची सूचना' लिहिलं तर परीक्षक हसेल.

'मग पीजी आणि १५च्या मधलं काहीतरी लिहा ना,' असं एका काकांनी सुचवलं. काका, मधल्या खान्याचा इतिहास मोठा मजेदार आहे. अमेरिकेत १९८४ साली स्पीलबर्गचा 'इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम' पीजी म्हणून लागला. त्यात भर पूजेत माणसाच्या छातीतून हृदय उपटून काढतात. (तेच ते, ज्यात आपल्या देशातल्या राजवाड्यात माकडाचा मेंदू वाढतात.) पोरांना घेऊन गेलेले आईबाप खवळले. त्याच उन्हाळ्यात 'ग्रेमलिन्स' आला, त्यावरही तेच. शेवटी स्पीलबर्गनंच सुचवलं की पीजी आणि आर यांच्यामध्ये एक खाना करा, आणि १ जुलै १९८४ ला पीजी-१३ जन्माला आलं. ब्रिटनमध्ये २००२ साली १२ए आलं: बारा वर्षांखालचं मूल मोठ्या माणसाबरोबर आलं तर चालेल.

झालं काय? मधल्या खान्यात सगळ्यात जास्त तिकिटं खपतात, हे सगळ्यांना कळलं. मग सिनेमे त्या खान्यात बसवले जाऊ लागले. 'द डार्क नाईट' २००८ साली ब्रिटनमध्ये १२ए होता. जोकरचं ते पेन्सिलचं दृश्य आठवतंय ना? साडेतीनशेच्या वर तक्रारी गेल्या बोर्डाकडे. २०१२ साली 'द वुमन इन ब्लॅक' १२ए मिळवण्यासाठी काही सेकंद कापून आणला, आणि डॅनियल रॅडक्लिफ म्हणजे हॅरी पॉटर असं समजून लोक लहानग्यांना घेऊन गेले. त्या वर्षी सगळ्यात जास्त तक्रारी त्याच सिनेमाच्या. तक्रार करणारे कोण होते? पालकच. ज्यांना पाटीवर विश्वास ठेवावासा वाटला ते. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात सहा वर्षांचं पोर मांडीवर घेऊन बसलेली जी आई असेल, तिच्याशी तुम्ही हेच करायला निघालायत. तिला कळायला नको का, की २ मिनिटांसाठी पोराला बाहेर न्यावं?

आता जरा आपल्या घरांकडे वळू. इथल्या एका मल्टिप्लेक्समध्ये गुरुवारी रात्री हिंदी सिनेमाला जाऊन बघा. शेवटच्या शोला पाच-सहा वर्षांची मुलं, हातात पॉपकॉर्न, पडद्यावर माणूस माणसाला करवतीनं कापतोय. घरी 'क्राइम पेट्रोल' जेवताना लावलेलं असतं, आजीआजोबा भारतातून आले की जरा जास्तच. २०२१ साली 'स्क्विड गेम' आला तेव्हा प्राथमिक शाळेतली मुलं मधल्या सुट्टीत तो खेळ खेळत होती, हे आपल्याच मुलांनी आपल्याला सांगितलं. तेव्हा ग्रुपवर कुणी 'वयोगट' हा शब्द काढल्याचं मला तरी आठवत नाही. वयोगट आठवला तो आपल्याच मुलांनी स्वतःहून लिहिला तेव्हा. आणि तोही कमी करण्यासाठी!

बाहेरून विकत आणलेली हिंसा आपल्याला टोचत नाही, कारण तिच्यावर आपलं आडनाव नसतं. या २ मिनिटांच्या शेवटी नामावलीत आपली आडनावं आहेत. खरं दुखणं तिथे आहे. पाटी बदलून आडनाव स्वच्छ करायचंय.

मी पुण्याची. जोशी-अभ्यंकर हे दोन शब्द मी लहानपणी कुठल्या सिनेमात ऐकले नाहीत, घरात ऐकले. १९७६ आणि ७७ मध्ये पुण्यात दहा खून झाले. संध्याकाळी सातनंतर लोक दार उघडत नव्हते, ओळखीचा आवाज आला तरी खिडकीतून बघून घेत, हे आमच्याकडे मोठी माणसं अजून सांगतात. पकडले गेले ते कोण होते? टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयातली कमर्शियल आर्टची मुलं. पहिला बळी त्यांचाच वर्गमित्र. १९८३ साली येरवड्यात चौघांना फाशी झाली. गावगुंड नव्हेत, चांगल्या कॉलेजातले विद्यार्थी होते, आणि मध्यमवर्गीय पुण्याला ते पचवणं फार जड गेलं. तरी त्यावर सिनेमा निघाला, १९८६चा 'माफीचा साक्षीदार', नाना पाटेकर त्यात मुख्य गुन्हेगार. पुढे अनुराग कश्यपनं त्याच घटनेचा धागा घेऊन 'पाँच' केला. २००१च्या सुमारास बोर्डानं हिंसा, ड्रग्ज, शिव्या यांवर आक्षेप घेतले. पुढे कापाकापी करून परवानगी मिळाली, पण निर्मात्याच्या अडचणींत अडकला आणि थिएटरात रीतसर लागलाच नाही. मग काय, तो कुणी बघितला नाही? कॉलेजच्या हॉस्टेलांमध्ये पेन ड्राइव्हवरून फिरला. कुठलीही पाटी नाही, वयाची अट नाही, काही नाही. वेळेत ए देऊन थिएटरला सोडला असता तर निदान दारात कुणीतरी वय विचारलं असतं.

हे सांगायचं कारण, 'आपल्यात असं नसतं' हे वाक्य ग्रुपवर तीनदा आलं. आपल्यात असतं. पुण्यात होतं, मस्कतमध्ये आहे.

मुलांच्या विषयाबद्दल आता सरळ बोलू. फोटोवरून ब्लॅकमेल. रॉयल ओमान पोलीस ऑनलाइन ब्लॅकमेलबद्दल लोकांना जाहीरपणे सावध करत आले आहेत. इथल्या २०११च्या सायबर गुन्हे कायद्यात इंटरनेटवरून धमकावणं आणि ब्लॅकमेल करणं हा गुन्हा आहे, तुरुंगवासाची शिक्षा आहे. म्हणजे ज्या देशात आपण राहतो तिथल्या सरकारला विषय बोलण्यासारखा वाटतो. आपल्याला वाटत नाही. (त्याच कायद्यात लोकांचं खासगी आयुष्य त्यांच्या परवानगीशिवाय चित्रित करून पसरवण्यावरही बंदी आहे. मुलांनी ते वाचून सगळं शूटिंग आमच्या घरात केलं, बाहेर एक शॉट नाही. मत्रहच्या सूकमध्ये पाठलागाचा सीन घ्यायचा मोह झाला होता, सोडून दिला. हेही त्यांनी लिहून ठेवलंय.)

स्क्रिप्ट लिहिताना मी मुलांना विचारलं, 'ही मुलगी आईला का सांगत नाही? आई तर दाराशीच उभी आहे.' चौघांनी एका सुरात उत्तर दिलं: 'सांगितलं तर तिला परत पाठवतील.' परत म्हणजे भारतात, आजीकडे, कुठल्या तरी हॉस्टेलमध्ये. विचार करा मंडळी. हे वाक्य त्यांना सुचवावं लागलं नाही. आपण परदेशातल्या आईबापांनी ते इतक्यांदा वापरलंय, कमी मार्क पडले की, उशिरा घरी आलं की, उलट बोललं की: 'पाठवून देईन पुण्याला, मग कळेल.' आपल्याला ती गंमत वाटते. ब्लॅकमेल करणाऱ्याला मात्र ती आयती सोय आहे. तो मुलीला सांगतो, आईबापांना कळलं तर काय होईल माहितीये ना? तिला माहीत असतं. आपणच सांगून ठेवलंय.

म्हणून ती कडी. आणि म्हणून १५.

इथे मला एका बाबांच्या मेसेजला नीट उत्तर द्यायचंय, कारण ग्रुपवरच्या सगळ्या मेसेजेसमध्ये तोच एक विचार करून लिहिलेला होता. ते म्हणाले, 'पाटी काहीही लावा, पण कडी आणि नळ हे दाखवून आपण एखाद्या आधीच खचलेल्या मुलाला वाट दाखवत नाही ना?' ही भीती खरी आहे आणि मी ती उडवून लावणार नाही. वर्गवारी करणारे लोकही या गोष्टीकडे फार बारकाईनं बघतात: पद्धत दाखवलीय का, तपशील आहे का, त्यातून सुटका मिळते असं भासवलंय का. मुलांनी पहिल्या कच्च्या प्रतीत औषधाची बाटली दाखवली होती. त्यांच्या शिक्षकांशी बोलून ती काढली. आता फक्त बंद दार आहे. ती तोंड धुवायला गेली असेल, रडायला गेली असेल, सिनेमा पुढे गेला असता तर बाहेरही आली असती. पण बाबा, ही भीती खरी असेल तर पाटी वर जायला हवी की खाली? पीजी लिहिलं की तो खचलेला तेरा वर्षांचा मुलगा एकटाच, मोबाईलवर, रात्री बघणार. १५ लिहिलं आणि खाली ती ओळ दिली, तर त्याच्या आईला निदान एक संधी आहे की आधी स्वतः बघावं आणि मग त्याच्याशेजारी बसावं. तुमच्या काळजीतून तुम्ही माझ्याच बाजूला येऊन उभे राहिला आहात.

विषय नाजूक म्हणून तो मुलांच्या वाट्याला नको, असं म्हणणाऱ्यांनी १९७०चा एक निकाल आठवावा. ख्वाजा अहमद अब्बास यांनी चार शहरांवर एक छोटा माहितीपट केला होता. मुंबईच्या वेश्यावस्तीची दृश्यं होती म्हणून त्याला यू नाकारून ए दिलं. अब्बास सुप्रीम कोर्टात गेले. सरन्यायाधीश होते हिदायतुल्ला, आपल्या नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले. कोर्टानं सेन्सॉरशिप वैध ठरवली, म्हणजे अब्बासांना हवं ते सगळं मिळालं नाही. वयानुसार वर्गवारीही मान्य केली. पण हेही सांगितलं की अमुक विषय आला एवढ्यावरून कात्री चालवायची नसते, तो विषय कसा हाताळलाय ते बघायचं असतं. पन्नासहून जास्त वर्षं झाली. आपण ग्रुपवर अजून 'विषयच नको' इथेच अडकलोय.

आणि हाताळणी बिघडली की काय होतं त्याचंही उदाहरण आपल्याच भाषेत आहे. महेश मांजरेकरांचा 'नाय वरन भात लोन्चा कोन नाय कोन्चा' जानेवारी २०२२ मध्ये आला. सिनेमाला ए होतं. पण ट्रेलर यूट्यूबवर होता, सगळ्यांसाठी उघडा, आणि त्यात अल्पवयीन मुलांची आक्षेपार्ह दृश्यं होती. राष्ट्रीय महिला आयोगानं माहिती-प्रसारण मंत्रालयाला पत्र लिहिलं, ट्रेलर काढावा लागला, पुढे माहीम पोलिसांनी पोक्सोखाली गुन्हा नोंदवला. मला त्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो तो हा: थिएटरच्या दारावर पाटी होती, खिशातल्या फोनवर नव्हती. माझ्या मुलीच्या गटानं ठरवलंय की त्यांच्या २ मिनिटांच्या आधी चार सेकंद ती पाटी पडद्यावर येईल आणि लिंक कुठेही गेली तरी व्हिडिओबरोबरच जाईल. तुम्ही ती काढायला सांगताय.

कुणी म्हणेल, शाळेच्या प्रोजेक्टला कसली पाटी अन् कसलं काय, कायद्यानं बंधनकारक थोडंच आहे? नाहीच आहे. कुठलंही बोर्ड यांचा सिनेमा बघायला येणार नाहीये, इथलं नाही, मुंबईचं नाही, लंडनचं तर नाहीच. म्हणूनच मला त्या पाटीचं कौतुक आहे. सक्ती नसताना स्वतःहून खरं जाहीर करणारा क्लाएंट मला वीस वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके वेळाच भेटलाय.

आणि पालकांनी पाटी मागायची असते, हे काही मी शोधून काढलेलं नाही. मुंबईत टीव्हीवर दिवसाढवळ्या ए सिनेमे दाखवत होते, तेव्हा झेवियर्स कॉलेजच्या प्राध्यापिका प्रतिभा नैथानी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २००५-०६च्या त्या आदेशांमुळे वाहिन्यांना यू आणि यूएपुरतं थांबावं लागलं. म्हणजे एका बाईनं कोर्टात भांडून 'माझ्या घरात काय येतंय ते मला कळू द्या' हा हक्क मिळवला. आपण तोच हक्क, फुकट हातात आलेला, 'जरा अ‍ॅडजस्ट करा' म्हणून परत करतोय.

युनिव्हर्सिटीच्या फॉर्मचं म्हणाल तर, फिल्म किंवा मीडियाला प्रवेश देणारा माणूस '१५' बघून दचकत असेल तर तो त्या खुर्चीत बसायला नको. २०२५च्या मार्चमध्ये 'अडोलसन्स' आली, १३ वर्षांच्या मुलावर खुनाचा आरोप, फोनवर चाललेला छळ. ब्रिटनमध्ये ती माध्यमिक शाळांना फुकट दाखवण्याची सोय झाली, पंतप्रधानांनी पाठिंबा दिला. जग या विषयावर मुलांसमोर बोलतंय. आपली मुलं त्यात मागे नाहीत, उलट त्यांच्याकडे अल खुवैरचा फ्लॅट आणि 'जेवायला चल गं' आहे, जे त्या मालिकेत नाही.

पेपरफुटीची कथा सुचवणाऱ्या वहिनींना एकच सांगते, रागावू नका. पेपर फुटला की आपण शिक्षणव्यवस्थेला शिव्या घालतो आणि सुखानं झोपतो. या गोष्टीत दाराबाहेर आई उभी आहे. म्हणून ती तुम्हाला नकोशी झाली, आणि मला वाटतं तुम्हालाही हे कळलंय.

तर आता कार्यक्रमाचं. मंडळाच्या समितीला मी कळवलंय, इथेही लिहिते. सिनेमा जेवणानंतर, सगळ्यात शेवटी लावायचा. त्याआधी निवेदकानं ती ओळ मराठीतून मोठ्यानं वाचायची. पंधराखालच्यांसाठी वरच्या हॉलमध्ये अंताक्षरी, मी आणि अजून दोन आया तिथे बसू. ज्यांना आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला दाखवायचाच आहे त्यांनी शेजारी बसावं, मी अडवणार नाही, तो तुमचा निर्णय. नंतर पंधरा मिनिटं मुलं प्रश्नांची उत्तरं देतील. समितीला हे मान्य नसेल तर सिनेमा कार्यक्रमात नको, आम्ही आमच्याकडे शनिवारी लावू. पोहे आणि चहा मिळेल, गाडी मागच्या गल्लीत लावा, समोर जागा नसते.

मुलांच्या फाइलची मुदत पुढच्या गुरुवारी आहे. तोपर्यंत कृपा करून त्यांना वैयक्तिक मेसेज करू नका. माझ्या मुलीला काल तीन 'काकू-काकां'चे आले. त्यातल्या एकात होतं, 'बेटा, आईला न सांगता बदलून टाक.'